नेपाळच्या पोरीसाठी शिवलेला फ्रॉक

देवावर माझा राग होता, तरी पूजा एक दिवस चुकवली नाही. वाचणाऱ्याला हे उलटं वाटेल, पण मी माणूसच तसा आहे. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग रोज सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेल ठेवायचा आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा, हे बापानं शिकवलं ते मी धरून ठेवलं. पण बावीस-तेवीस वर्षं मी त्या लिंगाकडं बघायचो ते भांडण झालेल्या भावकीकडं बघावं तसं. तू माझं घर पाडलंस, मी तुझी पूजा सोडत न्हाई, बघू आधी कोण थकतंय. भक्ती नव्हती ती, हट्ट होता. लोक मला मोठा शिवभक्त म्हणायचे. मी म्हणू द्यायचो.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. अक्षर लावून वाचता येतं, लिहायला वेळ लागतो. गाव औसा तालुक्यातलं. माझा जन्म झाला तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. पुढं गाव जागच्या जागी राहिलं आणि जिल्हा लातूर झाला, त्याचे पेढेसुद्धा आम्ही खाल्ले. त्यानंतर काही वर्षांनी भूकंप झाला आणि सरकारनं जिल्हा तोच ठेवून गाव उचललं, कोसभर पलीकडं सिमेंटच्या एकसारख्या घरांत नेऊन बसवलं. जुन्या गावात आता बाभळी आहेत.

भूकंपाआधी पाच दिवस जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. माझी सून महानंदा दुसऱ्या बाळंतपणासाठी माहेरी, देवणीला गेली होती. पाच वर्षांची नात उमा तिच्यासोबत होती. मी माझा खोंड घेऊन देवणीच्या बाजारात गेलो. देवणी म्हणजे बैलांचं गाव, तिथं खोंडाचं कौतुक झालं की माणसाची छाती फुगते. माझ्या व्याह्यांनी खोंडाभोवती एक फेरी मारली आणि आठ-दहा लोकांत म्हणाले, “खोंड देखणा हाय पाव्हणं, पर अस्सल न्हाई. कानाची ठेवण बगा की. आईनं कुटंतरी शेजार केलाय.” लोक हसले. आज लिहिताना मलाही ते हसण्यासारखंच वाटतं. त्या दिवशी मात्र मी तसाच व्याह्यांच्या घरी गेलो आणि अंगणात खेळणाऱ्या उमाला उचललं. म्हटलं, माझ्या घरचं लेकरू माझ्या घरी राहील. महानंदा जड अंगानं दारात आली. पदर सावरून म्हणाली, “मामा, आठ दिस राहू द्या. तिला जरा कणकण हाय.” मी म्हटलं, “सासऱ्याला शिकवायलीस का?” आणि खोंड गड्याच्या हवाली करून निघालो. एसटीत पोरीनं शेवेची पुडी खाल्ली आणि माझ्या मांडीवर झोपली.

गणपती बोळवले त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. मी शेतात बैलांजवळ होतो, मुलगा बसवराज लातूरला आडतीवर कामाला होता. घरात उमा आणि तिची आजी. दगड-मातीच्या भिंती होत्या, अडीच हात रुंद. त्या रुंदीचाही मला अभिमान होता.

आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या तळहातावर देतात. त्या दिवसांत हे बघायला कुणाला वेळ नव्हता. किती माणसं, कुणाची कोण, पाऊस चालू, रॉकेल कमी. माझी बायको आणि नात दुसऱ्या कितीतरी लोकांसोबत एकाच ढिगावर गेल्या. तिसऱ्या दिवशी मी घराच्या जागी माती उकरत बसलो होतो. काय शोधत होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. कणगी होती तिथं हाताला उमाचं लिंग लागलं. बारशाला स्वामींनी बांधलेलं, बोराएवढं, दोरा तुटलेला. मी ते धोतराच्या सोग्यात बांधलं. घरी दाखवलं नाही. दाखवलं असतं तर ते तिथं कसं आलं हेही बोलावं लागलं असतं. पुढं त्याला कापडाची पिशवी शिवून घेतली आणि करदोट्याला अडकवली. इतकी वर्षं ती माझ्या कमरेला होती.

महानंदा बाळ घेऊन परत आली ती सरकारनं उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच. तेव्हापासून ती माझ्याशी बोलली नाही. आता आमच्याकडं चांगल्या घरची सून सासऱ्यापुढं फार बोलतच नसते. ताट वाढायचं, चहा उंबऱ्यावर ठेवायचा, आत जायचं. काही सांगायचं तर नवऱ्याकडून. त्यामुळं कुणाच्या ध्यानात आलं नाही. गावातल्या बायका तिचं उदाहरण द्यायच्या, अप्पांची सून बगा, किती मर्यादेची हाय, अजून सासऱ्यापुढं तोंड वर करीत न्हाई. मी ते ऐकायचो. ती मर्यादा नव्हती, हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं. एका घरात दोन माणसं वीस-बावीस वर्षं अशी राहू शकतात.

मग नेपाळात भूकंप झाला. न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर मी ते बघितलं. तेच दगड, तीच माती, एक बाई अगदी माझ्यासारखी उकरत होती. मी अर्ध्या दाढीनं उठलो. गावच्या शाळेतल्या मास्तरांना गाठलं आणि म्हटलं, तिथल्या एका पोरीचं मला करायचंय, लावा पत्ता. मास्तरांनी ओळखीतून ओळख काढत काठमांडूपलीकडच्या एका लहानशा अनाथाश्रमाशी पत्रव्यवहार केला. तिथून फोटो आला. चपट्या नाकाची, थंडीनं गाल फुटलेली, मनमाया नावाची आठ वर्षांची पोर. माझ्या गोठ्यात देवणी जातीची एक गाय होती. तिचं दूध त्या दिवसापासून मनमायाच्या नावाचं झालं, ते विकून आलेले पैसे मास्तर तिकडं पाठवायचे. घरात त्या दुधाचा चहासुद्धा करू दिला नाही. आश्रमातल्या दीदी हिंदीत पत्र पाठवायच्या आणि मास्तर वाचून दाखवायचे.

त्यानंतरचा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लागोपाठ पाऊस नव्हता. लातूरला आगगाडीनं पाणी आणलं गेलं. आमच्या गावात आठवड्यातून एकदा टँकर यायचा आणि घागरी आदल्या दिवसापासून रांगेत लागायच्या. पूजेला मी चमचाभर पाणी घ्यायचो. गाय चारा छावणीत बांधली होती, उसाचं वाढं खाऊन तिचं दूध आटलं. मनमायाला पाठवायला काही उरलं नाही. तेव्हा मी ठरवलं की आपण स्वतःच जायचं.

बसवराज हसावं की रडावं अशा तोंडानं म्हणाला, “अप्पा, पाठवायला काई न्हाई म्हणून कुनी नेपाळला जातंय का?”

“मी जातो.”

“औशाच्या पलीकडं तुमाला बोर्ड वाचाया टाइम लागतो. तिकडं कसं करणार?”

“तिकडची मानसं काय आंधळी हाईत? विचारीन.”

त्याला काय सांगणार? खरी गोष्ट करदोट्याला होती. मला उमाचं लिंग त्या पोरीच्या गळ्यात बांधायचं होतं. दोघींची घरं भूकंपानंच नेली. एकीचं लिंग दुसरीला दिलं की माझी नात मला परत मिळाली, असं माझं मीच धरणार होतो. मग मरायला मोकळा. देवाशी चाललेलं भांडण तिथं मिटवायचं आणि तेसुद्धा माझ्या अटीवर.

आमच्या स्वामींना मी आडून विचारलं. ते माझ्याच वयाचे, लहानपणी एका चिंचेवर चढलेलो. ते म्हणाले, “न्हाई अप्पा. ज्याचं लिंग त्याच्या देहाबरोबर. दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं नसतंय.”

“आन देहच मिळाला न्हाई तर?”

“तर ते घरच्यांनी मातीत द्यायचं. तुमच्याकडं हाय का कुनाचं?”

“मी आपलं विचारलं.”

मी उठलो. बांधायला स्वामी येत नसेल तर मी बांधीन, माझ्या हाताला काय झालंय, असं मनाशी म्हणत घरी आलो.

तयारी सुरू झाली. नेपाळला पासपोर्ट लागत नाही, मतदानाचं कार्ड चालतं, असं मास्तरांनी चौकशी करून सांगितलं. कार्ड होतं. मास्तरांनी एका कागदावर हिंदीत आश्रमाचा पत्ता, माझं नाव, मी कोण, कशाला आलो, सगळं लिहून दिलं. हरवलो तर कागद दाखवा म्हणाले. मी म्हटलं, मी हरवत नसतो. शेंगदाण्याची चटणी कुटून घेतली, बाजरीच्या खारोड्या घेतल्या. पोरीला एक नवा कपडा पाहिजे होता. महानंदाकडं शिवणाचं यंत्र आहे, गावातल्या पोरींचे फ्रॉक तीच शिवते. मी बसवराजला म्हटलं, “तिला सांग, पोरीचा फ्रॉक शिव म्हणावं.” तो आत गेला, बाहेर आला, म्हणाला, “हाव म्हणली.” दोन दिवस यंत्राचा आवाज येत होता. निघायच्या आदल्या दिवशी घडी केलेला फ्रॉक माझ्या अंथरुणावर होता. पिवळा, बारीक फुलांचा, गळ्याला लेस. मी तो उलगडून बघितला नाही. पिशवीत घातला.

नांदेडहून उत्तरेकडं जाणारी गाडी होती, संध्याकाळची. मी घरून पहाटेच्याच एसटीनं निघालो, लातूरला बदलून नांदेड गाठलं. बसवराज सोडायला येतो म्हणत होता, मी त्याला परत धाडलं. गडबडीत पूजा राहिली होती. म्हटलं, नांदेडला स्टेशनवर करू. पण फलाटावर जिथं बघावं तिथं माणसं झोपलेली, पान थुंकलेलं, पूजेला बसावं अशी वीतभर जागा दिसेना. आणि पूजा नाही तर पाणी नाही. मी बाकड्यावर ताठ बसून राहिलो. ऊन असं की पत्र्याखाली बसूनही डोळे मिटायला होत होतं. शेजारच्या एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, “घ्या की आजोबा.” मी मान हलवली. दुपारचे तीन वाजले असतील. फलाट एकदम पिवळा पडला आणि मग मला काही कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा मी खाली होतो. डोक्याखाली कुणाची तरी वळकटी. कपाळावर ओलं गार फडकं. माझ्यावर एक माणूस वाकला होता, पन्नाशीचा, बारीक डोळ्यांचा, खाकी शर्ट घातलेला. नांदेडच्या गल्ल्यांत शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा होता तो, ते नंतर कळलं. वीस वर्षं नांदेडात काढलेली, मराठी समजायचं, बोलायचा आपलं हिंदी. तो गावाकडं निघाला होता. गाव नेपाळात.

“बाबा, पानी पियो.”

“पूजा व्हायचीय माझी.”

“अरे बाबा, मर जाओगे तो पूजा कौन करेगा?”

मी तोंड मिटून घेतलं. त्यानं वाद घातला नाही. आपलं पोतं अंथरलं, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्यानं जागा शिंपडली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आपल्या काठीनं बाजूला सारत उभा राहिला, “उधर से, उधर से.” मी फलाटावर बसून गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. त्याच्याच बाटलीतलं पाणी घातलं. मग पाणी प्यालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हट्टाला नावं न ठेवता त्याच्याभोवती उभं राहिलं होतं. मला रडू आलं, ते मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

मग त्यानं कपाळावरून पडलेलं ते ओलं फडकं उचललं आणि ओशाळून झटकलं. महानंदानं शिवलेला फ्रॉक होता. “माफ करना बाबा, आपके झोले में यही कपड़ा हाथ में आया. किसके लिए है?”

मी म्हटलं, “नातीला. तुमच्याच मुलखात हाय. नऊ वर्साची.”

त्यानं फ्रॉक खांद्यांना धरून समोर पसरला आणि हसला. “नौ साल? बाबा, ये तो पाँच साल का है. देखो. मेरी भी बेटी है. मैं तो घर में रहता भी नहीं, फिर भी इतना मालूम है.”

मी बघितलं. पिवळा फ्रॉक उन्हात वाळत चालला होता. बाह्या एवढ्याशा. लांबी माझ्या हातभर. गावच्या पोरींचे कपडे नजरेनं बेतणारी बाई. तिला माप चुकणं शक्य नव्हतं. मी निरोपात पोर किती वर्षांची ते सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. पोरीचा फ्रॉक शिव म्हटलं, तिनं पोरीचा शिवला.

“किसने सिया?” गुरख्यानं विचारलं.

“सुनेनं.”

“उसकी बेटी कितनी बड़ी है?”

साधा प्रश्न होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं की उमा तिचीसुद्धा होती. माझी नात, माझं लिंग, माझं पाप, माझा देव, माझं भांडण. मी ते लिंग मातीतून उचललं तेव्हा उचललं, पण खरं तर मी ते तिच्या आईकडून चोरलं होतं. आणि आता ते देशाबाहेर घेऊन चाललो होतो. दुसऱ्यांदा मी तिच्या दारातून पोर उचलून निघालो होतो आणि या वेळी तिला कळलंसुद्धा नव्हतं.

गाडीची वेळ झाली. मी निघालो की परत फिरत नाही, हे आख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे. मी त्या माणसाला मास्तरांचा कागद दिला, चटणीचा डबा दिला, खारोड्या दिल्या. म्हटलं, जमलं तर या पत्त्यावर पोचव, न जमलं तर तुझ्या पोरीला दे. त्यानं कागद वाचला, घडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. मी त्याचं नाव विचारलं नाही. घोटभर पाण्याच्या ओळखीवर, अनोळखी माणसाच्या हाती सगळं देऊन मोकळं होणं मला कधी जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं. गाडी गेली. मी अर्धवट वाळलेला फ्रॉक हातात घेऊन एसटी स्टँडकडं चालू लागलो.

लातूरला पोचेपर्यंत शेवटची गाडी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो. बसवराज ओरडलाच, “अप्पा! गाडी चुकली का?” मी म्हटलं, “न्हाई. तुझ्या बायकोला बलाव.” ती दारात आली, पदर पुढं ओढून, नेहमीसारखी खाली बघत. मी करदोट्याची पिशवी सोडली, लिंग काढलं आणि फ्रॉकवर ठेवून तिच्यापुढं केलं.

मग तिनं पदर मागं सारला आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

“कुटं घावलं?”

“कणगीपाशी.”

“कवा?”

“तिसऱ्या दिशी.”

“आन मला आज दाखवायलाव?” तिचा आवाज मी विसरलो होतो. जाडा झाला होता. “इतकी वर्सं कमरंला बांधून फिरलाव. मी माजं लेकरू हुडकीत त्या बाभळीत जात व्हते. दर साली. तुमाला ठावं हाय का?”

मला ठाऊक नव्हतं. बसवराजलाही नसावं.

“मी म्हनले व्हते, आठ दिस राहू द्या.”

“हाव.”

“म्हनले व्हते का न्हाई?”

“म्हनली व्हतीस.”

“मग बोला की आता. शिकवा मला.”

मी बोललो. आधी कधी हे शब्द तोंडातून निघाले नव्हते म्हणून नीट निघाले नाहीत. “माजं चुकलं. बैलाच्या कानापायी मी तुजी पोर नेली.”

ती रडली नाही. असू द्या म्हणाली नाही, मीही तशी आशा धरली नव्हती. तिनं माझ्या हातातून ते घेतलं, अंगणात पाट मांडला, लिंग त्यावर ठेवलं आणि आतून भरलेली घागर आणली. टँकर आदल्या दिवशी येऊन गेला होता, पुढचा आठवड्यानं. तिनं घागर कलती केली आणि धार सोडली. वर्षानुवर्षांचा माझा घाम, मळ, कमरेची उष्णता त्या बोराएवढ्या लिंगावरून वाहून जात होती. बसवराज पुढं झाला, “अगं, पानी...” मी त्याचा दंड धरला. तिनं घागर शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. अंगणातली माती पाणी प्यायली. कोंबड्या धावत आल्या. शेजारच्या भिंतीवरून दोन-तीन बायका बघत होत्या आणि मर्यादेच्या सुनेच्या डोक्यावर पदर नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं जुन्या गावात गेलो. ती, बसवराज, मी आणि स्वामी; शेडमध्ये वाढलेला नातू बाहेरगावी नोकरीला होता. स्वामींनी मला एक शब्द विचारला नाही. कणगीची जागा मी दाखवली, खड्डा बसवराजनं काढला. महानंदानं पिवळा फ्रॉक आत अंथरला आणि त्याच्यावर लिंग ठेवलं. स्वामींनी मंत्र म्हटले. माती लोटायची वेळ आली तेव्हा मी सवयीनं पुढं झालो, कारण घरातला मोठा मी. मग थांबलो आणि मागं सरलो. पहिली मूठ तिनं टाकली. तिथून परत येताना तिनं फक्त एवढंच विचारलं, “एसटीत रडली का ती?” मी म्हटलं, “न्हाई. शेव खाल्ली. झोपली.” ती मान हलवून पुढं चालू लागली.

त्या दिवसापासून माझी पूजा बदलली. बाहेरून तीच आहे, पाणी, विभूती, बेल. पण तळहातावरच्या लिंगाकडं बघताना आता मला सुनावायला काही सुचत नाही. त्या फलाटावर माझ्याकडं कोण आलं होतं हे मी सांगू शकत नाही. गल्लीतला गुरखा होता. त्यानं पिशवीत हात घातला आणि हाताला फ्रॉक लागला. पंचाही वरच होता, तो लागला नाही. त्यात चमत्कार आहे की नाही, हे शिकलेल्या लोकांनी बघावं. मला एवढंच कळतं की मी गळ्यात आणि कमरेला देव बांधून फिरत होतो आणि दोन्हीकडं गाठ माझीच होती. सोडायला दुसऱ्याचा हात लागला. त्याबद्दल मी रोज हात जोडतो.

महिन्याभरानं आश्रमातून पत्र आलं. चटणी पोचली होती, मुलांना तिखट लागली.

दिवाळीनंतर नेपाळला जायचं पुन्हा निघालं. गाय व्यायला झाली होती, कुणीतरी घरी राहणं भाग होतं. बसवराज म्हणाला, “अप्पा, तुमी आन मी जाऊ.” मला जायचं होतं. आजही आहे. पण मी आतल्या दाराकडं बघून म्हटलं, “तिला विचार, येतीस का म्हणावं.” आतूनच उत्तर आलं, “मला डायरेक विचारा की मामा, मी काय भैरी हाय का?” मग मी विचारलं. ती दोघं गेली. मी गाईजवळ राहिलो. कालवड झाली. आता माझे गुडघे गेलेत. मनमाया मला या जन्मी दिसायची नाही, हे मी धरून चाललोय.

ती दोघं परत आली तेव्हा दुपार होती. महानंदानं पिशव्या ठेवल्या, हातपाय धुतले आणि नेहमीसारखा चहा आणून उंबऱ्यावर ठेवला. मी कप घेतला. ती आत गेली नाही. उंबऱ्यातच माझ्यासमोर बसली, पाय दुमडून, आणि सांगायला लागली. पोरीचे केस कसे दाट आहेत, विंचरताना कशी ओरडते, सगळं ताट चाटून खाते पण मटकी बाजूला काढते, भांडखोर लई हाय, एका पोराला चावली. ती सांगत होती, हातवारे करत होती, मधेच हसली. चहा गार झाला.